इंजिनातली खडखड: ८ नोव्हेंबर ते १६ डिसेंबरच्या नोंदी

गाडी पेट्रोलची, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, इंजिन आडवं बसवलेलं. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह इंजिनाच्या तालात उघडायला, पट्टा नाही, चेन आहे. १,१२,४०० किलोमीटर चालली आहे आणि इंजिन आजवर उघडलेलं नाही. ऑइल आणि फिल्टर मीच बदलतो. चुकलेले अंदाज या नोंदींतून खोडलेले नाहीत, कारण माझा बहुतेक वेळ त्यांच्यातच गेला. ज्याच्या गाडीत असाच आवाज येतोय त्याला तेच जास्त कामाला येतील.

८ नोव्हेंबर

सकाळी गाडी सुरू केली आणि पुढून खर्रर्र असा आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा. दोन-तीन सेकंदांत थांबला. दुपारी परत येताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय हलका ठेवला की बारीक खडखड सुरू व्हायची. थोडी रेस दिली की बंद, सोडली की पुन्हा चालू.

घरी येऊन बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटं नुसतं ऐकलं. सगळीकडूनच आवाज येतोय असं वाटलं. चेन ढिली झाली असणार, ही शंका त्याच वेळी मनात बसली आणि पुढचे पंधरा दिवस निघाली नाही.

९ नोव्हेंबर

गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी होती. डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. खाली ठिबकलेलं काही नाही, म्हणजे हळूहळू जळत गेलंय. गेल्या दोन महिन्यांत मी एकदाही तपासलं नव्हतं. ही चूक पूर्णपणे माझी.

घाईत एक लिटर एकदम ओतलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर वरच्या खुणेच्या वर. जास्तीचं ऑइल डिपस्टिकच्या नळीतून बारीक ट्यूब सोडून सिरिंजने ओढून काढावं लागलं. अंदाजे ३०० मिली निघालं आणि त्यात पाऊण तास गेला. पाव-पाव लिटर ओतायचं, दर वेळी पाच मिनिटं थांबायचं आणि मगच डिपस्टिक बघायची. ऑइलला खाली उतरायला वेळ लागतो.

सुरू होतानाचा आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. खडखड होती तशीच.

१० नोव्हेंबर

हत्यारांना हात लावला नाही. दिवसभर वहीत फक्त आवाज कधी येतो आणि कधी येत नाही एवढंच लिहिलं. अख्ख्या कामातला सगळ्यात उपयोगी दिवस हाच, आणि मी तो आठव्या तारखेलाच करायला हवा होता.

रात्रभर उभी गाडी सुरू केली की खर्रर्र येतो. तासाभरापूर्वी बंद केलेल्या गाडीत येत नाही. चार तास उभी राहिल्यावर किंचित येतो. खडखडीचं उलटं: गार इंजिनात अजिबात नाही, गरम झाल्यावर साधारण १७०० ते २००० आरपीएममध्ये येते, त्याच्या वर-खाली नाही. क्लच दाबून, सोडून पाहिला, फरक नाही. एसी चालू-बंद केला, फरक नाही. उभ्या गाडीत न्यूट्रलला १८०० वर धरली तरी येते. म्हणजे चाकं, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन यादीतून गेले.

लिहिता लिहिता तिसरा आवाज सापडला. आयडलिंगला एकसारखी टकटक, शिलाई मशीन लांबून ऐकू यावं तशी. हा बहुधा बरेच दिवस येत असावा, कान सरावले असतील.

टकटक मोबाइलवर दहा सेकंद रेकॉर्ड केली, चौपट मंद करून ऐकली आणि ठोके मोजले. ६७ भरले. आयडलिंग ८०० आरपीएमला होतं, म्हणजे क्रँक, पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, दहा सेकंदांत १३३ वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्याच्या निम्म्याने. ६७ ठोके म्हणजे कॅमच्या चालीचा आवाज. तो व्हॉल्व्हकडचा असणार, बेअरिंगचा नाही. ही मोजणी फुकट होते आणि मनातली मोठी भीती कमी करते.

रेकॉर्डिंगबद्दल एक सांगायचं राहिलं. मोबाइल आवाज आपोआप कमी-जास्त करून घेतो. त्यामुळे ‘कुठे जास्त, कुठे कमी’ हे रेकॉर्डिंगवरून ठरवू नका. ताल मोजायला मात्र ते चांगलं.

१३ नोव्हेंबर

लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकलं. बाह्या वर सारल्या होत्या, गळ्यात-हातात काही नव्हतं. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो, म्हणून डोकं त्याच्यापासून दूर ठेवलं. गाडी उघड्यावर उभी होती. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नये, एक्झॉस्टमधल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

अल्टरनेटर: घरघर, पण एकसारखी. वॉटर पंप: शांत. व्हॉल्व्ह कव्हर: टकटक स्पष्ट, दुसऱ्या सिलिंडरच्या वर सगळ्यात जास्त. चेनच्या कव्हरवर टोक ठेवलं आणि कानात सळसळ, खळखळ, सगळंच शिरलं. सापडलं, असं वाटलं. त्याच संध्याकाळी चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, मागवला.

इथे माझं चुकलं. चेनच्या कव्हरवर प्रत्येक गाडीत आवाज येतोच. आत धातूची साखळी दातांवरून पळत असते. निरोगी इंजिनाचं कव्हर कसं वाजतं हे मी कधी ऐकलंच नव्हतं, मग हा आवाज नेहमीचा की बिघाडाचा हे मी कशावरून ठरवलं? त्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या तशाच, कमी चाललेल्या गाडीला स्क्रू ड्रायव्हर लावला असता तर तिथेही हेच ऐकू आलं असतं. ते मी २७ तारखेला केलं.

१६ नोव्हेंबर

टेन्शनर यायला वेळ होता, म्हणून बाहेरचा पट्टा काढून पाहिला. अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि आयडलर पुली या सगळ्यांवर एकाच चाचणीत निकाल मिळतो. खरं तर ही चाचणी स्क्रू ड्रायव्हरच्या आधी करायची.

पट्टा काढल्यावर वॉटर पंप फिरत नाही. त्यामुळे इंजिन आधी गरम करून घेतलं, बंद करून पट्टा काढला, सुरू करून १८०० वर जेमतेम वीस सेकंद धरलं आणि बंद केलं. बॅटरीचा दिवा लागतो, ते अपेक्षित आहे. खडखड तशीच आली. म्हणजे पट्ट्यावर चालणारी एकही वस्तू दोषी नाही.

पट्टा परत बसवायला दीड तास लागला. काढण्यापूर्वी मी फोटो घेतला नव्हता. पुली पाच, आणि कुठून वर कुठून खाली हे आठवेना. शेवटी पट्ट्यानेच वाट दाखवली. ज्या पुलीला खाचा आहेत तिच्यावर पट्ट्याची रेघांची बाजू बसते, जी गुळगुळीत आहे तिच्यावर पट्ट्याची पाठ. हा नियम धरून एक एक पुली लावत गेलो. बसल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून रेघा खाचांत नीट बसल्यात का ते पाहिलं. एका ठिकाणी पट्टा एक रेघ बाजूला बसला होता. तसंच सुरू केलं असतं तर पट्ट्याच्या कडेचे धागे निघाले असते.

१७ नोव्हेंबर

पुढे उघडाउघड करण्यापूर्वी बेअरिंग नक्की चांगली आहेत ना, हे पाहायचं होतं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर गाडी चालवतच राहणं म्हणजे इंजिन गमावणं.

ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या जागी काट्याचं प्रेशर गेज लावलं. गार इंजिन सुरू केलं: काटा जवळजवळ तीन सेकंद शून्यावरच, मग एकदम वर. गरम झाल्यावर आयडलिंगला १.३ बार, ३००० आरपीएमला ३.६ बार. दर हजार आरपीएमला साधारण ०.७ बार हा जुना ठोकताळा आहे, त्या हिशेबाने प्रेशर उत्तम. वहीत आकडे लिहिले आणि खूश होऊन गेज काढून ठेवलं.

‘तीन सेकंद शून्यावर’ हेही मी माझ्याच हाताने लिहिलं होतं. सकाळचा खर्रर्र तेवढाच टिकतो. दोन ओळी एकाखाली एक असूनही मी त्या जोडल्या नाहीत. एक आठवडा आणि एक टेन्शनर त्यात गेला.

मग एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहिला. रॉडचा ठोका असेल तर त्या सिलिंडरचं इंधन तोडल्यावर तो मऊ पडतो, कारण पिस्टनवरचा स्फोटाचा दाब जातो. चारही सिलिंडर झाले, टकटक आणि खडखड जराही बदलली नाही. स्पार्कची कॉइल काढूनही हे करता येतं, पण मग न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं. म्हणून इंजेक्टरच काढावा, तोही काही सेकंदच. इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरमध्ये पी०२०१ ते पी०२०४ असे चार कोड आले, ते इंजेक्टरच्या वायरिंगचे, मीच काढल्यामुळे आलेले. पुसून टाकले. चेन ताणली गेली की क्रँक आणि कॅमचा मेळ चुकतो आणि बऱ्याचदा पी००१६ येतो. तो नव्हता. चेन चांगली असल्याचा हा दुसरा पुरावा होता, आणि टेन्शनर अजून वाटेतच होता. ऑर्डर रद्द करता आली असती, मी केली नाही.

२२ नोव्हेंबर

टेन्शनर कालच आला. व्हॉल्व्ह कव्हर काढलं. काम दोन: टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक मोकळीक, मोजणं आणि टेन्शनर बदलणं. सकाळी नऊला सुरू केलं, रात्री आठला संपलं.

टॅपेट हा आजच्या दिवसातला खरा फायद्याचा भाग. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणून रात्रभर उभं ठेवलं होतं. चारही स्पार्क प्लग काढले की क्रँक पान्याने हलका फिरतो. फिरवायचा तो इंजिन फिरतं त्याच दिशेने. पुस्तिकेप्रमाणे माझ्या इंजिनात आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची फट ०.२० मिमी आणि बाहेर सोडणाऱ्यांची ०.३० मिमी. सोळापैकी तेरा बरोबर निघाले. दुसऱ्या सिलिंडरचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ०.४२ होता. टकटक त्याचीच. चौथ्या सिलिंडरचे दोन एक्झॉस्ट उलट ०.२२ वर, म्हणजे घट्ट झालेले. हे दोन सापडले याचं मला जास्त समाधान आहे. ढिला व्हॉल्व्ह वाजून तरी दाखवतो. घट्ट झालेला गप्प असतो, पण आपल्या बैठकीवर नीट टेकत नाही, त्याची उष्णता बाहेर जात नाही आणि त्याची कड जळत जाते. आवाज नाही म्हणून सगळं ठीक, असं टॅपेटच्या बाबतीत धरू नका.

फट लावताना पहिल्या व्हॉल्व्हला तीनदा चुकलो. फट मोजायची ०.३० मिमी जाडीची पट्टी ठेवून स्क्रू नेमका बसवायचा, लॉकनट आवळायचा, पुन्हा मोजलं की ०.२६. लॉकनट आवळताना स्क्रूही त्याच्यासोबत थोडा फिरतो. डाव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरून ठेवायचा आणि उजव्या हाताने पाना फिरवायचा, तेव्हा जमलं. पट्टी ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखी हलकी अडकत यायला हवी. खडखडून सुटते किंवा ओढतच नाही, दोन्ही चूक. सगळं झाल्यावर क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून सोळाही पुन्हा मोजले.

दुपारी व्हॉल्व्ह कव्हरचा एक छोटा नट बोटांतून निसटला आणि चेनच्या बाजूच्या पोकळीत गेला. टण् असा आवाज आला, मग एकदा आणखी, खोलवरून. त्यानंतरची पन्नास मिनिटं मी विसरणार नाही. नट तसाच राहून चेन आणि दातांच्या मधे गेला तर इंजिन तिथेच संपतं. टॉर्च आणि दांडीचं चुंबक घेऊन चेनच्या पट्टीच्या कडेने खाली शोधत गेलो. चुंबक सारखं चेनलाच चिकटत होतं. शेवटी चुंबकाच्या बाजूंवर चिकटपट्टीचे जाड थर गुंडाळून फक्त टोक उघडं ठेवलं, तेव्हा नट वर आला. कव्हर काढल्या काढल्या ती पोकळी स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने बुजवा. मी ते नट काढल्यावर केलं.

टेन्शनर माझ्या इंजिनात बाहेरून दोन बोल्टवर निघतो. त्याआधी क्रँक खुणेवर आणून ठेवला. टेन्शनर बाहेर असताना क्रँक हलवायचा नाही, नाहीतर ढिली चेन एक दात उडी मारू शकते. जुना टेन्शनर काढून पाहिला: दांडा १४ पैकी ५ खाचांवर. चेन खूप ताणली गेली असती तर दांडा पार शेवटपर्यंत बाहेर आलेला असता. जुना चांगला होता. हातात धरून मला ते कळलंही होतं, तरी आणलाच आहे म्हणून नवा बसवला.

नवा टेन्शनर कोरडा असतो. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून पाच-पाच सेकंद दोनदा नुसता स्टार्टर फिरवला, म्हणजे इंजिन न पेटता ऑइल वरपर्यंत पोहोचतं. मग फ्यूज लावून सुरू केलं. टकटक गेली. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट नवं टाकलंय, गळती नाही.

२३ नोव्हेंबर

सकाळी सहा वाजता चावी फिरवली. खर्रर्र. तसाच, तेवढाच.

दिवसभर गाडीजवळ गेलो नाही. संध्याकाळी वही पहिल्या पानापासून वाचली आणि १७ तारखेच्या नोंदीतले ‘तीन सेकंद’ दिसले.

२४ नोव्हेंबर

चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब नसेल तोवर चेनला फक्त आतली छोटी स्प्रिंग धरते. म्हणजे सकाळचा आवाज चेनचाच, जागा मी बरोबर ओळखली होती, पण दोष चेनचा नव्हता. ऑइल वर पोहोचायला तीन सेकंद का लागतात, हा प्रश्न होता. रात्रभरात ते वरच्या वाटांतून खाली उतरून जात असणार. ते उतरू नये म्हणून फिल्टरमध्ये रबरी पाळ असते, एका बाजूने ऑइल जाऊ देणारी आणि परत न येऊ देणारी. माझ्या इंजिनात फिल्टर आडवा बसतो, त्यामुळे सगळी भिस्त त्या पाळीवर.

इंजिन सुरू न करता सकाळीच फिल्टर उघडला. आडवा असला तरी तो ऑइलने भरलेला असायला हवा होता, म्हणून खाली ट्रे धरला होता. चार-पाच चमचे ऑइल आलं, बस.

फिल्टर कापला. पत्रा कापायच्या कात्रीने कडा उघडली आणि पाळ बाहेर काढली. बोटांनी दुमडली तर वाकेना, प्लॅस्टिकच्या झाकणासारखी कडक. एका बाजूने नखाएवढी लाट पडली होती आणि तिथून टॉर्चचा उजेड आरपार दिसत होता. कागदाच्या घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर पिळल्या, चुंबक फिरवलं. काळं ऑइल आलं, पण धातूची चमक कुठेही नाही. बेअरिंग चांगली असल्याची आणखी एक खात्री.

हा फिल्टर गेल्या वेळी मीच बसवला होता, ७,००० किलोमीटरपूर्वी. आटे जुळतात आणि रबराची कडी त्याच मापाची आहे, एवढंच पाहून घेतला होता. आतल्या पाळीचा विचारच केला नव्हता. आता पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचा, सिलिकॉनची पाळ असलेला बसवला. सिलिकॉन उष्णतेने साध्या रबरापेक्षा उशिरा कडक होतं.

ऑइलही नवं टाकलं. गेज पुन्हा लावून ठेवलं.

२७ नोव्हेंबर

तीन सकाळी झाल्या. काटा एका सेकंदात वर जातो. खर्रर्र नाही.

आज शेजाऱ्यांच्या गाडीच्या चेन कव्हरला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं. माझ्यासारखीच सळसळ.

उरली खडखड. भाचा कॉलेजमधून आला होता, त्याला आत बसवून न्यूट्रलला रेस धरायला सांगितली, हँडब्रेक ओढून. मी पुढे वाकून ऐकत होतो. दोन मिनिटांनी तो काच खाली करून म्हणाला, “मामा, पुढून नाही येत. माझ्या पायाखालून येतोय.”

मी म्हटलं, “पायाखाली काय आहे तिथे? तू १८०० वर धर.”

“धरलंय. तुम्ही इथे बसून ऐका ना.”

जागा बदलल्या. त्याचं बरोबर होतं. आत बसून गाडी चालवताना आवाज पुढून येतोय असं मला वाटायचं, कारण मी तो पुढून येणार असं धरूनच बसलो होतो. उभ्या गाडीत, मन मोकळं ठेवून ऐकलं तर आवाज पायांच्या पुढच्या भिंतीच्या खालून येत होता. एक्झॉस्ट तिथूनच खाली जातो.

३० नोव्हेंबर

गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, मागच्या चाकांना ठोकळे लावले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातही घालायचा नाही. इंजिन गार असताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने टिचक्या मारल्या. आतली जाळी फुटली असेल तर आत खडे असल्यासारखा आवाज येतो. आला नाही, बद्द ठोका आला.

हीट शील्ड, म्हणजे एक्झॉस्टची उष्णता अडवणारे पातळ पत्रे, माझ्या गाडीत तीन. वरचा मॅनिफोल्डवरचा १० तारखेनंतर कधीतरी हलवून पाहिला होता, घट्ट. कन्व्हर्टरचा खालचा पत्रा हलवला. चारही बोल्ट पान्याला घट्ट लागले. पुढे सरकणार होतो, तेवढ्यात पत्र्याची कड बोटाने वर ढकलली. टिक्. सोडली. टिक्.

बोल्ट घट्टच होता. त्याच्याभोवतीचा पत्रा गंजून गेला होता. भोक वायसरपेक्षा मोठं झालेलं, आणि पत्रा बोल्टच्या मानेभोवती मोकळा लोंबत होता. आरशाशिवाय हे दिसत नाही. दिसतो तो फक्त घट्ट बोल्ट.

गार असताना आवाज का नाही, तेही उलगडलं. गार पत्रा गंजाच्या खपल्यांत अडकून बसतो. तापला की पसरतो, सरकतो आणि मोकळा होतो. आणि १८०० च का? चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. १८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेरे, म्हणजे ६० हिसके. सैल पत्र्याची स्वतःची थरथर त्याच्या आसपास जुळली की तो वाजतो.

खात्रीसाठी इंजिन गरम करून भाच्याला रेस धरायला लावली आणि बाजूने, गाडीखाली न जाता, लांब लाकडी दांडा पत्र्यावर टेकवला. खडखड बंद. दांडा काढला, सुरू. पाच वेळा केलं.

१ डिसेंबर

पत्रा आणि पाइप मिळून लांब होज क्लॅम्प आवळला. अर्धा तास. आवाज गेला.

५ डिसेंबर

परत आला. क्लॅम्पचा स्क्रू तापून-गार होऊन दीड फेरा सुटला होता. आवळता आला असता, पण दर चार दिवसांनी गाडीखाली जायचं नाही. नीट करायचं ठरवलं.

६ ते ८ डिसेंबर

गंजलेला बोल्ट काढायला पाना लावला, जोर दिला, बोल्ट लोण्यासारखा पिळला गेला आणि डोकं हातात आलं. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवायचं असतं हे माहीत असून मी दहा मिनिटंही थांबलो नाही. त्या दहा मिनिटांनी दोन दिवस खाल्ले.

तुटलेल्या बोल्टच्या मधोमध पंचने खूण केली. ३ मिमीच्या ड्रिलने सुरुवात, मग ४, मग ५. गाडीखाली उताणं झोपून ड्रिल सरळ धरणं अवघड. पहिलं भोक तिरकं गेलं. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून बरं, गंजाचा कीस सगळा तोंडावर येत होता. शेवटी उरलेली बोल्टची साल चिमट्याने सोलून काढली आणि टॅपने आटे साफ केले. वरचे दोन आटे गेले, बाकीचे शाबूत.

बाकीच्या तीन बोल्टांवर तेल मारून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी अर्धा फेरा सैल, पाव फेरा परत आवळ, असं करत सोडवले. तिन्ही निघाले.

आता चारही जागी स्टेनलेसचे नवे बोल्ट. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना ३० मिमी रुंदीचे मोठे वायसर, म्हणजे गंजलेलं भोक झाकून वायसर चांगल्या पत्र्यावर टेकतो. आट्यांना उष्णता सोसणारी अँटी-सीझ पेस्ट. पत्रा बदलायची गरज पडली नाही.

हिशेब लिहून ठेवतो. लागलेलं साहित्य: एक फिल्टर, ऑइल, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, चार बोल्ट, आठ वायसर. न लागणारं: टेन्शनर, आणि सगळ्यात महाग तोच होता. वेळ एकूण ३४ तास. मार्ग आधी माहीत असता तर फिल्टर, टॅपेट आणि पत्रा मिळून बारा तासांत झालं असतं.

१६ डिसेंबर

आठ सकाळी झाल्या. चावी फिरवली की इंजिन गुपचूप सुरू होतं. आज ४० किलोमीटर चालवून आल्यावर गरम इंजिन १५०० पासून २२०० पर्यंत हळूहळू चढवलं, १८०० वर अर्धा मिनिट धरलं, काच खाली करून ऐकलं. फक्त इंजिनाचा आवाज.

ऑइल आठवड्यात जराही कमी झालेलं नाही. डिपस्टिक आता दर रविवारी बघतो, वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा वेगळा रकाना केलाय. चौथ्या सिलिंडरचे ते दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह १०,००० किलोमीटरनंतर पुन्हा मोजायचे आहेत. पुन्हा घट्ट झालेले निघाले तर त्यांच्या बैठका झिजतायत, आणि मग हेड उतरवायला लागेल. जुना टेन्शनर पुसून, ऑइल लावून पिशवीत ठेवलाय. वर किलोमीटर आणि ‘चांगला आहे’ असं लिहिलंय.